सात नंबरचा बाण

माझी सून लीडरशिप शिकायला लागली, हे मुलानं मला सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात तसाच थांबला.

"कुणाची लीडर?"

"कुणाची नाही गं. युनिव्हर्सिटीचा कोर्स आहे, दोन वर्षांचा. रविवारी क्लास असतो."

अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना लीडर एकच माहीत. गेटबाहेर टेम्पोवर उभा राहून माइकवर बोलणारा. तो आला की आठवड्याभरात गेटला कुलूप. आमच्या ह्यांची कंपनी लीडरनं बंद पाडली, असं सगळे म्हणत. मालकानं पाडली, असं लीडर म्हणायचा. कुणी का पाडेना, हे घरी बसले आणि मी मलमाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. त्यामुळे घरातच लीडर होणार म्हटल्यावर मी सुनेची वाट बघत बसले.

संध्याकाळी सून कामावरून आली. ती एमआयडीसीतच एका कारखान्यात एचआरला होती. लोकांच्या हजेऱ्या, रजेचे अर्ज, पीएफचे फॉर्म. तिनं चपला काढायच्या आत मी विचारलं, "संपबिंप करणार आहेस का?"

"संप? कसला संप?"

"लीडरशिप शिकतेस ना?"

ती दाराला टेकून हसत सुटली. "नाही हो आई. टेन्शन मत लो. संघटनात्मक नेतृत्व म्हणतात त्याला."

"संघटना म्हणजे युनियनच ना?"

शब्द म्हणून माझं बरोबर होतं. मग तिनं समजावलं की इथे संघटना म्हणजे कंपनी, हॉस्पिटल, शाळा, जिथे जिथे पुष्कळ माणसं एकत्र काम करतात ते सगळं. त्या माणसांना बरोबर घेऊन काम पुढे कसं न्यायचं, ते शिकायचं.

"म्हणजे माणसं हाकायची."

"हाकायची नाही हो आई."

सून उल्हासनगरची. वडिलांचं कॅम्पात शिलाईचं दुकान, आजूबाजूला सगळे सिंधी व्यापारी, त्यामुळे मराठी बोलता बोलता ती कधी हिंदीत शिरते ते तिचं तिलाच कळत नाही. पोरगी कामाला वाघ आहे, उलट बोलत नाही. तिच्याविरुद्ध सांगावं असं माझ्याकडे काही नाही. आणि तरीही मी तिच्यावर जळत होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल काही भलतं चांगलं वाटायला नको.

दोन वर्षं शिकून होणार काय, असं मी विचारलं तर तिनं बोटं मोजली. कंपनीत एचआर मॅनेजर होता येतं. ट्रेनिंगला जाता येतं, म्हणजे नव्या लोकांना तयार करायचं. हॉस्पिटलच्या ऑफिसात, सामाजिक संस्थेत, मॉलमधल्या मोठ्या दुकानात, कुठेही घेतात.

"म्हणजे मलम असो, पेशंट असो की शर्ट असो, सगळं सारखंच?"

"वस्तू बदलते आई, माणसं तीच असतात."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच झोंबलं. माणसं तीच असतात हे मला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. ते ठाऊक असल्याबद्दल मला कुणी मॅनेजर केलं नाही.

मी चौथी शिकले. मलमाच्या कंपनीत माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली शेवटची चौदा पॅकिंगची लाइन मी सांभाळली. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका. एकीनं खोकं उघडायचं, दुसरीनं माहितीच्या कागदाची घडी आत सरकवायची, तिसरीनं ट्यूब घालायची, चौथीनं तोंड बंद करायचं. कुणाला कुठे बसवायचं, कुणाचा हात जड, कुणाची पाळी आहे म्हणून तिला उभ्याचं काम द्यायचं नाही, हे सगळं मी बघायची. कागदोपत्री मी पॅकरच. सुपरवायझर होते ते ऑफिसात बसून सह्या करायचे. ते रिटायर झाले तेव्हा मी नवी साडी काढून ठेवली होती. सोमवारी त्या जागेवर एक तेवीस वर्षांची पोरगी आली. पदवीधर. तिला ट्यूबचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं तेही माहीत नव्हतं. साहेब मला म्हणाले, "बाई, हिला जरा सगळं शिकवा." मी शिकवलं. ती खुर्चीत बसून लिहून घ्यायची आणि मी उभ्यानं सांगायची. साडी पुढे भाचीच्या लग्नात नेसले.

आता तशीच एक माझ्या घरात तयार होत होती, आणि माझा मुलगा रविवारी सकाळी तिच्या ड्रेसला इस्त्री करून देत होता. ह्यांनी उभ्या जन्मात माझ्या साडीची घडी घातली नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्याबद्दल आता काय बोलायचं. पण इस्त्रीचा वास आला की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

तिचे विषय ऐकून तर मला हसू यायचं. भांडणं कशी मिटवायची, हा एक विषय. कामाची पद्धत बदलली की लोक कुरकुर करतात, तेव्हा काय करायचं, हा एक विषय. आणि नुसतं ऐकणं, दुसऱ्याचं ऐकणं, यावर अख्खं पुस्तक.

"ऐकायला पुस्तक कशाला लागतं?" मी म्हटलं. "कान असले की झालं."

"कान सगळ्यांनाच असतात आई."

तेव्हा ते मी माझ्यावर घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिला प्रोजेक्ट करायचा होता. तो वेळेत दिला नाही तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर ट्रेनिंगची नोकरी नाही. ती नोकरी दुसऱ्या एका कंपनीत जवळजवळ ठरली होती, फक्त कोर्स पुरा व्हायचा होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं की मोठ्या साहेबांवर सगळेच लिहितात. तुम्ही असं ठिकाण बघा जिथे एखाद्या माणसाला पद नाही, खुर्ची नाही, पगार इतरांएवढाच, आणि तरी लोक त्याच्याच मागे जातात. ते कोण आणि का, ते शोधा.

जेवताना हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. पद नाही. खुर्ची नाही. पगार सगळ्यांएवढा. मी मनात म्हटलं, ही मीच.

तिनं विचारायची मी वाट बघत राहिले. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, तुमच्या लाइनवरच्या बायकांचे फोन नंबर आहेत?"

मी सगळे दिले. माझ्यावर लिहायचं तर बायकांना विचारावं लागणारच. कुणी अंबरनाथला, कुणी उल्हासनगरला, कुणी बदलापूरला. मला धरून बारा जणी निघाल्या. मार्गदर्शक बाईंनी कमीत कमी बारा सांगितल्या होत्या. बारा म्हणजे बाराच, एक जास्त नाही. महिनाभर ती सुट्टीच्या दिवशी एकेकीकडे जाऊन आली. येताना कुणी दिलेले वाल, कुणी दिलेलं लोणचं घेऊन यायची. बायका काय म्हणाल्या ते मात्र सांगायची नाही. "तसं सांगायचं नसतं आई. रूल आहे."

प्रत्येकीची लेखी संमती लागत होती. फॉर्म मराठीत होता. माझा फॉर्म तिनं मला दिला, कोपऱ्यात सात आकडा. "नाव लिहायचं नाही म्हणून प्रत्येकीला नंबर दिलाय. तुम्ही सात. इथे सही करा."

"करते नंतर," म्हणत मी तो टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवला. मला करायला काही हरकत नव्हती. पण तिनं परत एकदा मागावी, असं वाटत होतं. मला असं कुणी काही मागत नाही.

मग एका सकाळी ती आंघोळीला गेली असताना पलंगावर तिचे कागद पसरलेले दिसले. वरच्या पानावर बारा गोल काढलेले, प्रत्येकात आकडा. गोलांतून बाण निघालेले. वर इंग्रजीत एक ओळ लिहिलेली होती, ती मला येत नाही. आकडे येतात. सगळे बाण सातकडे आलेले होते. मी चष्मा लावून एकेक मोजला. अकरा.

मी कागद होता तसा ठेवला आणि चहा टाकला. त्या दिवशी मी सुनेच्या चहात आलं जास्त घातलं.

आमची पालेगावची जमीन बिल्डरला दिली, तिथेच आता इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही. समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात. नवरा मोठ्या कंपनीत ऑफिसर होता. बाई चांगल्या आहेत, पण ओळख झाली त्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही पॅकिंगला होतात ना? लेबरमध्ये?" पाच वर्षं तो शब्द मी गिळलेला होता. दुपारी त्यांच्या दारात उभी राहून मी सांगितलं, "सूनबाई युनिव्हर्सिटीत माझ्यावर लिहितेय. लाइनवर मी कशी लीडर होते त्यावर."

"अगोबाई!" त्या म्हणाल्या. "खरंच?"

"बायकांनी सांगितलंय तसं. अकरापैकी अकरा."

प्रोजेक्ट द्यायला आठवडा राहिला होता. त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवायचं होतं. तिला सराव करायचा म्हणून शनिवारी दुपारी मुलानं मला सोफ्यावर बसवलं. "तू आणि मी ऐकायचं. ती मराठीत बोलेल." इतक्यात बेल वाजली. समोरच्या बाई, हातात वाटीभर नारळाच्या वड्या.

"मला पण ऐकायचंय हो, तुमच्या सासूबाईंवरचा प्रबंध!"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

ती चांगली बोलली. मलमाची लाइन तिनं कधी पाहिली नव्हती, पण टेबल, खोकी, कागदाची घडी, सगळं बरोबर सांगत होती. मी एकदोनदा मान डोलावली. मग तिनं कागद उलटताना एक पान हळूच खाली सरकवलं. माझी नजर लाइनवर सव्वीस वर्षं तयार झालेली. मी म्हटलं, "ते पान राहिलं."

"ते इतकं महत्त्वाचं नाही आई."

"सात नंबरचं पान आहे ते. दाखव."

"आई, राहू दे ना."

"दाखवा की हो," समोरच्या बाई म्हणाल्या. "आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

सुनेनं पान वर काढलं. मुलानं वरची ओळ वाचली आणि मराठीत सांगितलं. "कोण बघतंय म्हटल्यावर तुमचे हात भरभर चालायचे?"



"म्हणजे सगळ्या तुम्हाला घाबरायच्या!" समोरच्या बाई हसून म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. हेतू वाईट असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"काम व्हायचं त्यामुळे," मी म्हटलं.

"काम व्हायचंच," सून लगेच म्हणाली. "तसं मी लिहिलंय पण, आई. लाइन तुमच्यामुळे चालायची."

मुलाला काय अवदसा आठवली, त्यानं पुढचं पान उचललं. तेच बारा गोल. प्रश्न वेगळा. "तुमच्या घरी किंवा जिवावरचं काही आलं, तर कामावर पहिलं कुणाला सांगायचात?" सगळे बाण तीनकडे. तीनच्या गोलाभोवती तर काळं झालं होतं.

"तीन कोण?" मुलानं विचारलं.

"सांगायचं नसतं," सून म्हणाली.

सांगायची गरज नव्हती. तीन म्हणजे अक्का. कराडकडची, लांबलचक बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. दात मिश्रीनं काळे. हात इतका सावकाश की तिच्यापाशी खोकी तुंबायची. चौदा वर्षांत मी सगळ्यात जास्त कुणाला ओरडले असेन तर अक्काला. आणि ती "व्हय बाई" म्हणून होती त्याच गतीनं काम करायची.

समोरच्या बाई पुढे वाकल्या. त्यांची नजर चांगली आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "सात नंबरचा बाण पण तीनकडेच गेलाय की!"

मी बघितलं. गेला होता.

मला आठवलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी मेथी निवडत होते आणि सून शेजारी बसून काड्या तोडत होती. बोलता बोलता म्हणाली, "आई, तुमची पिशवी काढायची ठरली होती, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलंत?" मी मेथीवरची नजर न काढता म्हटलं, "अक्काला. आणखी कुणाला सांगणार? ह्यांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं." आणखी पण काय काय सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं, मग तिनं माझ्या वाटचे कागद घडी घालून दिले, कारण माझ्या हातून एक घडी सरळ पडत नव्हती. हे सगळं मी सांगत गेले. मला वाटलं, आपण दोघी गप्पा मारतोय. ती प्रोजेक्ट करत होती.

म्हणजे माझ्याविरुद्धचं मत मीच दिलं होतं, मेथी निवडता निवडता.

त्या रात्रीपासून टीव्हीच्या खालच्या फॉर्मची किंमत वाढली. सोमवारी सुनेनं विचारलं, "आई, सही राहिलीय तेवढी." मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. मंगळवारी म्हटलं, पेन चालत नाही. तिनं पेन आणून दिलं. बुधवारी म्हटलं, मला हे सगळं नीट वाचून बघायचंय, चौथीपर्यंतच शिकले, वेळ लागतो. रविवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. माझी सही नाही म्हणजे सात नंबरचा गोल काढून टाकायचा. गोल गेला की माझा बाण पण गेला. आणि अकराच उरल्या म्हणजे प्रोजेक्ट घेणार नव्हते. हे मला पूर्ण कळत होतं. अजाणता केलं असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी तिनं विचारलंच नाही. डबा भरला, "येते आई" म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मुलगा मात्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सुपरवायझर झाली नाहीस, त्याचा राग तिच्यावर कशाला?"

"तू इस्त्री कर जा," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी बदलापूरची रिक्षा धरली. डोक्यात एक विचार पक्का होता. माझी एकटीची सही राहिली तर खापर माझ्यावर फुटणार. पण अक्कानंही नाही म्हटलं, तर दोघींचं मिळून काहीतरी कारण होईल. तिला सांगायचं की बाई, तुझं नाव गाव सगळीकडे जाईल, घरातल्या गोष्टी बाहेर जातील, तू आपली माघार घे. अडाणी आहे, घाबरेल. हे मी रिक्षात बसून मनात दोनदा म्हणून बघितलं.

अक्का बदलापूरला लेकीकडे असते, चौथ्या मजल्यावर. गुडघे गेलेत. दार उघडंच होतं. ती खाली सतरंजीवर पाय पसरून बसली होती, बोट मिश्रीत.

"कोन हाय?"

"मी."

"आली का इन्स्पेक्टरीन!" ती म्हणाली आणि काळ्या दातांनी हसली. पाठीमागे मला इन्स्पेक्टर म्हणायच्या हे मला माहीत होतं. तोंडावर पहिल्यांदा ऐकलं.

"काम सुटल्यापास्नं सहा वर्षांत तुला सवड न्हाई झाली. आज बरी वाट वाकडी केलीस. बस. तोंड का पाडलंयस?"

"पाडलेलं नाही. असंच आहे."

"मग?"

अक्काचा हा शब्द मी विसरले होते. लाइनवर कुणी तिच्यापाशी काही बोललं की ती हात न थांबवता म्हणायची, "मग?" पुढे बोललं की परत "मग?" त्याला मी तेव्हा आळस समजायची. माझ्यापाशी कुणी रडत आली तर तिचं अर्धं सांगून व्हायच्या आत मी तिला काय करायचं ते सांगून मोकळी व्हायची. वेळ कुणाला होता?

मी बोलायला सुरुवात केली. तिनं माघार घ्यावी एवढंच बोलायचं होतं. पण सुरुवात सुनेच्या कोर्सपासून झाली. मग इस्त्री. मग पदवीधर पोरगी आणि तिची खुर्ची. मग पलंगावरचा कागद, अकरा बाण, समोरच्या बाईंच्या नारळाच्या वड्या. मधे मधे ती "मग?" म्हणत होती आणि मी पुढे जात होते. मेथीपर्यंत आले तेव्हा माझा आवाज चढला होता.

"चौदा वर्षं लाइन मी सांभाळली, अक्का. तुझी तर खोकी तुंबायची."

"तुंबायचीच."

"मग सगळ्या तुझ्याकडे कशाला मरायला यायच्या?"

तिनं बोट दातावरून फिरवलं आणि खरंच विचार केला. "मला काय ठावं? माझ्या शेजारची जागा रिकामी असायची बग. पंखा लागायचा न्हाई तिथं, आन् मिश्रीच्या वासानं कुनी बसायचं बी न्हाई. ज्येला गुपचूप बोलायचं त्येनं तिथंच यायचं की. दुसरी जागा कुटं होती?"

"एवढंच?"

"आन् तू कुनाला बसू देत हुतीस? तू आलीस की सगळ्या पांगायच्या. तू सोता पिशवीचं सांगाया आल्तीस तवा मातर कुनी पांगवाया न्हवतं."

मला हसू आलं. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"वड्या कशा हुत्या?" तिनं विचारलं.

"कसल्या?"

"नारळाच्या. समोरच्या बाईच्या."

"खाल्ल्या नाहीत मी."

"हात्तिच्या. वड्यांनी काय केल्तं तुजं?"

मग तिनं विचारलं, सही केलीस का. मी नाही म्हटलं. "मी आंगठा दिला," ती म्हणाली. "मला सही येती कुटं. तुजी सून आली, चहा पिली, माजे गुडघे चेपून दिले, म्हनली, अक्का, हितं आंगठा द्या. दिला. लीडर का फिडर, मला काय करायचंय?" तिनं अंगठा वर करून दाखवला, जणू शाई अजून तिथे होती. मला त्या अंगठ्याचाही हेवा वाटला. मला चार ओळी लिहिता येतात म्हणून मी आठवडाभर एक सही दाबून बसले होते, आणि हिनं चहा झाल्या झाल्या देऊन टाकला होता.

माघारीचं मी बोललेच नाही. राहून गेलं.

परत येताना रिक्षात अंबरनाथच्या अलीकडे माझ्या ध्यानात आलं. मी काय केलं होतं? माझ्या जिवाला लागलेली एक गोष्ट होती. मुलाला सांगितली नव्हती, सुनेला नाही, समोरच्या बाईंना नाही. शुक्रवारी सकाळी रिक्षा करून, चार मजले चढून, ती पहिल्यांदा जिला सांगितली ती तीन नंबर. लोक तिच्याकडे का जातात याचा जाब विचारायला मी तिच्याकडे गेले होते. म्हणजे सातचा तीनकडे आणखी एक बाण. हा प्रोजेक्टमध्ये कुणी काढला नव्हता एवढंच.

रिक्षावाला म्हणाला, "मावशी, काय झालं? हसताय कशाला?"

"तू पुढे बघ," मी म्हटलं.

संध्याकाळी सून आली तेव्हा फॉर्म टेबलावर होता. सही केलेला. माझी सही म्हणजे पूर्ण नाव, चौथीच्या वहीतल्यासारखं सुटं सुटं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ. तिनं तो उचलला, बघितला, आणि खुर्चीत बसून राहिली. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"आई, ते पहिलं पान मी काढून टाकू का? घाबरायच्या ते?"

ती विचारत होती ते मनापासून होतं. मला हो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. पण अकरा जणींनी खरं सांगितलं होतं, आणि अकरा जणींकडे मीच तिला पाठवलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "काम व्हायचं ते पण लिही. ठळक लिही."

"लिहिलंय."

"आणि त्या दुसऱ्या पानावर माझा बाण आहे ना, तीनकडे जाणारा? तो जरा बारीक काढ."

"आई, बाण सगळ्यांचे सारखेच काढावे लागतात."

"बघ काही जमलं तर."

ती पास झाली. ट्रेनिंगची नोकरी मिळाली, एमआयडीसीतच, नव्या पोरींना लाइनवर बसायच्या आधी ती तयार करते. तिला खुर्ची आहे, आणि ती खुर्चीवर फार बसत नाही असं म्हणते. मी बघायला गेलेले नाही. अजून जळते मी तिच्यावर, रविवारी जरा कमी, आता इस्त्री नसते ना.

प्रोजेक्टची एक प्रत टीव्हीच्या खालच्या कप्प्यात आहे, निळं कव्हर, सोनेरी अक्षरं. सगळं इंग्रजीत. मला त्यातले आकडे वाचता येतात. दुपारी घरात कुणी नसलं की कधी कधी काढते. बारा गोल आहेत. सातमधून निघालेला बाण तीनपर्यंत जातो. इतरांएवढाच जाड आहे. मी पट्टी लावून बघितलं.